स्वच्छ निळं

दोरी दिसली. खामगावच्या आमच्या घराच्या मागच्या ओसरीत, स्पिरिटच्या दिव्यावर उकळलेली परीक्षानळी मी रोजच्यासारखी उजेडासमोर धरली होती, आणि नळीतल्या निळ्या द्रावणातून पलीकडची, कपडे वाळत घालायची काथ्याची दोरी दिसली. नुसती दिसली नाही. तिचे पीळ दिसले, पिळातून निघालेलं एक कूस दिसलं. निळं! आजही निळं! माझी नणंद कौसल्या, आमची कौशी, सोळा वर्षांची. दोन वर्षांपासून तिला मधुमेह होता आणि सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई घ्यावी लागत होती. तिच्या लघवीचे थोडे थेंब ह्या द्रावणात टाकून उकळले की रंग बोलतो. हिरवा म्हणजे थोडी साखर, मग पिवळा, नारिंगी, आणि विटेसारखा तांबडा म्हणजे वाईट. निळा राहिला म्हणजे साखर नाही. दिवाळीपासून तो निळाच राहत होता, आणि दिवाळीपासून रोज सकाळी माझं काळीज असं उडी मारत होतं. द्रावण मी स्वतः केलेलं. मोरचूद, धुण्याचा सोडा आणि औषधाच्या दुकानातून हट्टानं मागवलेलं सायट्रेट. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं होतं की नागपूरची बी.एस्सी. आता ट्रंकेत शालूखाली जाणार. गेली नाही. ती इथे ओसरीत उकळत होती. कौशीची भाकरी मी ठरवत होते, मेथी-कारली मी ठरवत होते, आणि आज तर तिला पाहायला चिखलीहून पाहुणे यायचे होते, आणि मी नळी हातात घेऊन ओसरीत अक्षरशः एक गिरकी घेतली.

गिरकी अर्ध्यात थांबली. दोरी इतकी स्वच्छ का दिसावी? डोक्यात कुठेतरी बारीकसं खुट्ट झालं, आणि कॉलेजची प्रयोगशाळा समोर आली: लांब काळी टेबलं, वायूचा वास, दुसऱ्या वर्षी ह्याच प्रयोगाच्या दिवशी मुलींच्या बाजूला चाललेली खुसखुस, कारण नमुना कुणाचा हे कुणी विचारायचं नव्हतं. साखर नसलेला तो नमुनाही उकळल्यावर असा राहिला नव्हता. त्यात एक पुसट ढग उठला होता, द्रावण पावसाळ्यातल्या आरशासारखं मंदावलं होतं, आणि आमच्या बाईंनी सांगितलं होतं की ते फॉस्फेट, ती साखर नव्हे, घाबरू नका. म्हणजे निरोगी माणसाचं निळं गढूळ असतं. मग हे? माझे कान गरम झाले. मी आधी स्वतःच्या द्रावणावर संशय घेतला, तसाच घ्यायचा असतो. स्वयंपाकघरातून मध आणला. साखर आणून उपयोग नसतो, नेहमीची साखर ह्या द्रावणाला दाद देत नाही. हे सासूबाईंना पटवायला मला एक अख्खा रविवार लागला होता. मधाचा थेंब पडला आणि नळी उकळताच तांबडी झाली. द्रावण ठीक. मग मी मोरीत जाऊन स्वतःचा नमुना आणला, इकडेतिकडे बघत, हसू दाबत. उकळला. ढग आला! दोरी पुसट झाली, पीळ गेले, कूस गेलं. शेवटी माठातलं पाणी. पाण्याची नळी उजेडासमोर धरली, आणि दोरी आली: पीळ, कूस, सगळं. दोन नळ्या शेजारी शेजारी धरल्या, कौशीची आणि माठाची. कुठली कुणाची हे मलाही सांगता आलं नसतं. मी इतके दिवस पाणी उकळत होते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला पळत सुटावंसं वाटलं, कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं की मी शोधून काढलं. काय शोधून काढलं, हे हळूहळू, पायऱ्या उतरल्यासारखं, नंतर लक्षात येत गेलं.

ती वाळली होती. सगळे खूश होते, मीसुद्धा. लग्नात मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भरलेली होती, गालावर तुकतुकी, दंडात पोलक्याची शिवण रुतलेली. त्याआधीची तिची अवस्था मी फक्त ऐकलेली. घागरीच्या घागरी पाणी पिणारी, काडी झालेली, मोरीत मुंग्यांची रांग लावणारी पोर; मग अकोल्याचे डॉक्टर, सुई, आणि पुन्हा अंगावर आलेलं मांस. तेव्हा घरी येणारी प्रत्येक बाई म्हणायची, 'कौशी सुटली वं माय!' हा शब्द मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकला की तो माझ्या डोक्यात उलटसुलट होऊ लागला. सुटली म्हणजे जाड झाली. सुटली म्हणजे वाचली. बायकांच्या तोंडी दोन्ही अर्थ एकाच वेळी, आनंदानं, आणि कौशीच्या कानात त्यातला एकच जायचा. तेव्हा ती पदर दंडावर ओढून घ्यायची आणि आत निघून जायची, हे मी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि लाज म्हणून नोंदलं होतं. दिवाळीनंतर त्याच बायका म्हणू लागल्या, 'कशी नाजूक झाली पोरगी, गुन आला.' गुण माझ्या मेथीचा, असं मी मनात म्हणत होते. शाळेतल्या मुलानंही विचारलं असतं: बाई, साखर आटोक्यात आहे, जेवण पोटभर आहे, मग वजन जातं कुठे? मी विचारलं नव्हतं. आणि आता एकदा विचारल्यावर उत्तर इतकं सरळ होतं की मी दिवा विझवायला विसरले.

घराला लागूनच कापसाचं गुदाम होतं, सासऱ्यांच्या अडतीचं. सकाळच्या ह्या वेळी ते रिकामं असे. कौशी तिथेच सापडली. जमिनीत बसवलेल्या मोठ्या काट्यावर अनवाणी उभी राहून, श्वास रोखून, दांडीवरचं वजन बोटानं सरकवत होती. केसांना कापसाचा एक पुंजका चिकटला होता. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"वहिनी, पाहा ना, आखीन उतरलं! डाक्टर पौंडात सांगते तं मले म्हैस झाल्यासारखं वाटते. हे नवीन किलोचं बरं आहे, किलोत मी बकरी."

"कौशे, सकाळच्या वाटीत पाणी होतं."

मला वाटलं ती रडेल, नाही म्हणेल. ती काट्यावरून उतरली आणि तिचे डोळे मोठे झाले. "चहाचं बोट बुडवलं होतं रंगासाठी. कसं समजलं तुमाले?"

आणि मी सांगू लागले! दोरी, ढग, फॉस्फेट. मला राहवलंच नाही. ती तोंड उघडं ठेवून ऐकत होती, ह्या घरात माझं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी ती विचार करून म्हणाली, "म्हंजे चिमटीभर चुना टाकला असता, तं ढग आला असता?" आणि मी खरोखरच चुन्याचा विचार करू लागले, येईल का, किती लागेल, आणि मग स्वतःचाच इतका राग आला की मी तिचं मनगट धरलं. मनगट माझ्या बोटांत पूर्ण मावलं.

"आणि सुई? आई रोज समोर उभ्या असतात."

"घेतो ना सुई. टोचा तं लागतेच. पानी भरतो तिच्यात. दवाई थोडीशी घेतो, चक्कर येऊन पडू नाई येवढी. बाकी मोरीत." मग ती जवळ आली आणि आवाज खाली आणून, पण आनंदानं फुटतच, बोलू लागली. "वहिनी, पोळ्याच्या टायमाले अकोल्याची दवाई वेळेवर आलीच नाई, आठवते का? अर्धी अर्धी पुरवली. तवा माह्यं पोलकं ढिलं झालं. मी म्हनलं, हे काय बाप्पा? मंग दवाई आली, पुरी घेतली, तं पुन्हा भरलो. मंग मीच कमी केली. पुन्हा उतरलो! उलटं करून पाह्यलं, सुलटं करून पाह्यलं. खानं तेवढंच. शंकरपाळे खाल्ले तरी उतरते! आहे का हे तुमच्या पुस्तकात?"

नव्हतं. निदान मी वाचलेल्या पुस्तकात नव्हतं. एकच गोष्ट बदलायची, बाकी तशीच ठेवायची, पुन्हा करून बघायचं. हे मला कॉलेजात दोन वर्षं शिकवावं लागलं होतं आणि ही पोर कापसाच्या काट्यावर एकटी ते करून बसली होती. माझ्या अंगावर शहारा आला, आणि तो कौतुकाचा होता. तेवढ्यात ती हसली, आणि तिचा श्वास माझ्या तोंडावर आला. गोडसर, उडून जाणारा वास. माझ्या आवडीचा! काचेची भांडी झटकन वाळवायला आम्ही ॲसिटोन वापरायचो; प्रयोगाला उशीर झाला, घाई झाली की त्याची बाटली उघडायची, आणि त्या वासाबरोबर माझ्या मनात अजूनही घाई येते, परीक्षेची, घंटा वाजायच्या आतली घाई. तो वास ह्या मुलीच्या तोंडातून येत होता. त्यात घाईच होती, फक्त तिला ऐकू येत नव्हती.

मी म्हटलं, चल, खरा नमुना दे. ती लगेच तयार झाली, उड्या मारतच ओसरीत आली. नळी ज्योतीवर धरल्याबरोबर, उकळी फुटायच्याही आधी, रंग सरकू लागला. हिरवा आला आणि थांबलाच नाही, पिवळा त्याच्या पोटातून निघाला, आणि मग तळापासून वरपर्यंत विटेचा जाड तांबडा चढत गेला.

"किती मस्त दिसते वं," ती पुटपुटली. "हे शंकरपाळ्याचं?"

"थोडं शंकरपाळ्याचं. बाकी तू."

"म्हंजे?"

"खाल्लेलं अंगी लागत नाही, त्यासाठी इन्शुलिन लागतं. ते नाही मिळालं की अंग स्वतःलाच जाळतं. मांडी, दंड, सगळं. जळल्याचा धूर तुझ्या श्वासाला येतोय."

तिनं तळहात तोंडासमोर धरून फुंकर मारली. "मले तं नाई येत."

"तुला नाही येणार."

ती नळीकडे बघत राहिली. मग नळीशीच बोलल्यासारखं म्हणाली, "सुई पुरी घेतली तं मी पुन्हा सुटीन का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. मेथीचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. पण हिनं स्वतः करून पाहिलं होतं. खोटं बोलले तर ती ते आठवड्यात ताडेल आणि मग माझ्या कुठल्याच रंगावर विश्वास ठेवणार नाही. "हो," मी म्हटलं. "भरशील."

तिनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "एक वेळ सुटलो तं सुटलो. पन वहिनी, त्या सुईनंतरची भूक तुमाले नाई माहीत. अर्ध्या घंट्यात खाच लागते, नाई तं हात कापतात. पंगत बसाची राह्यते, बाप्ये बसाचे राह्यतात, अन् मी चुलीपाशी एकटी गपागपा. येनारी-जानारी पाहते. 'पोरीले दम नाई, बापाच्या आंधी जेवते.' आन मंग म्हनतात सुटली. सुई नाई घेतली का मी सगळ्याइच्या मांगून जेवतो, पोरीसारखी." तिनं माझा पदर धरला. "आजच्या दिस राहू द्या. पाहुन्याइच्या आंधी मी कशी खाऊ? त्याइले तं सुईचं सांगतलंच नाई आईनं. उद्यापासून घेतो. तुमची आन."

मी सासूबाईंकडे गेले. सत्यभामाबाई कढईसमोर बसल्या होत्या. पाहुण्यांसाठी भजी निघत होती. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. त्यांनी झारा परातीत ठेवला.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"मले वाटे तुह्या निळ्या पान्यानं गुन आला," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता चुलीतलं लाकूड मागे ओढलं.  मग एकदम, रागानं नव्हे, विनवल्यासारखं: "पाहुने मोटारीतून उतरले असतीन. पोरगी बसली का उठली, मंग टोच तिले. येका दिसानं काय होते, सूनबाई?"

एका दिवसानं काय होतं? मला माहीत नव्हतं. हाच तर प्रश्न होता, आणि तो इतका नेमका होता की मी भजी करपत असताना उभी राहून त्याचा विचार केला. कदाचित काही होणार नाही. कदाचित ती बेशुद्ध पडायचा दिवस आजचाच असेल. वास आला म्हणजे कुठली तरी रेषा मागे पडली आहे, पुढची कुठे आहे ते मला दिसत नव्हतं, अकोल्याच्या डॉक्टरांनाही इथे बसून दिसलं नसतं. आणि घरातला प्रत्येक जण आजचा एकच दिवस मागत होता. उद्या मागायला काय कमी होतं? साक्षगंध होतं, लग्न होतं, सासरचा पहिला सण होता. आणि माझ्यातलं कुणीतरीही मागत होतं, तेही ऐकू आलं: राहू दे ना, छान बोलणी होऊ दे, नव्या सुनेनं पहिल्याच वर्षी घराचं बिंग फोडू नये. छातीत ठोके पडत होते. भीती होती की उत्साह, मला वेगळं करता आलं नाही, आणि वेगळं करायला वेळही नव्हता. बाहेर ओट्यावर पावलं वाजली आणि एका बाईचा मोठा, घरंदाज आवाज आला, "आहे का कोनी घरात?"

मी सुई उकळून घेतली. आतल्या खोलीत कौशी हिरवं लुगडं नेसून आरशासमोर उभी होती. कुठून पळत आलेली नव्हती, आणि तरी तिचा श्वास धाप लागल्यासारखा मला ऐकू येत होता.

"तू एकटी जेवणार नाहीस," मी म्हटलं. "मी बसते तुझ्यासोबत. पाहुण्यांच्या आधी सून जेवली तर बोल मला लागेल. तुझं कुणी बघणारसुद्धा नाही. आणि संध्याकाळच्या मोटारीनं आपण दोघी अकोल्याला जातोय, डॉक्टरांकडे."

"तुमी? पाहुन्याइच्या आंधी?" तिला ते इतकं अचाट वाटलं की ती हसली. "आई तुमाले घरात ठेवन का?"

"बघू."

 ओल्या वाळूत गार ठेवलेली इन्शुलिनची बाटली मी पुढे केली. ती तिनं लगेच घेतली नाही. बाहेर सासूबाई पाहुण्यांना बसा म्हणत होत्या, तांब्या-भांडं वाजत होतं. मग तिनं बाटली घेतली, रबरातून सुई घातली, दट्ट्या ओढला, नळी उजेडासमोर धरून नखानं टिचकी मारून बुडबुडा वर काढला. हे सगळं असं सफाईनं, की मी नुसती बघत राहिले. लुगडं वर सारून तिनं मांडीत टोचलं. पुरी. दट्ट्या तळाला टेकला तेव्हा तिनं डोळे मिटले होते.

"झालं," ती म्हणाली. "आता पळा, भाकर पाहा."

बैठकीत पाहुणे तिघं होते: मुलगा, त्याची आत्या रुक्मिणीबाई आणि काका जानराव. कौशी पाटावर बसली. नाव काय, स्वैपाक येते का, शाळा काऊन सोडली, असं चाललं होतं. मी आतून बघत होते. तिच्या कपाळावर घाम येतो का, एवढंच बघत होते. अजून आला नव्हता, पण येईपर्यंत थांबायचं नसतं. रुक्मिणीबाई एकेक प्रश्न चघळत होत्या, उठ म्हणतील अशी चिन्हं नव्हती. अर्धा तास होत आला तेव्हा कौशीनं मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. मी दोन ताटं घेऊन बैठकीत गेले. भाकरी, पिठलं, कांदा. एक तिच्यासमोर ठेवलं, एक माझ्यासमोर, आणि बसले. 

"हे काय वं?" रुक्मिणीबाईंनी पदर सावरला. "पाहुन्याइच्या आंधी? चिखलीकडे असं नाई बाप्पा."

सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांचं तोंड उघडलं, काहीतरी सावरून घेणारं येत होतं, मला ते दिसलं, उपास वगैरे. पण कौशी आधी बोलली.

"मले साखरेची बिमारी आहे. सुई घेतो. सुई घेतली का खा लागते, नाई तं पडतो." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला.

 जानरावांनी उगाच घसा साफ केला. मुलानं पहिल्यांदाच मान वर केली. "रोज घ्या लागते?"

"रोज. दोनदा."

"दुखते?"

"टोचून पाह्यता का?" तोंडात घास असतानाच कौशी म्हणाली, आणि मला इतक्या जोरात हसू आलं की ते मला ठसक्यात लपवावं लागलं. रुक्मिणीबाईंनी मुलाकडे बघितलं, मुलगा खाली बघू लागला. बोलणी पुढे जाणार की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर अजून लिहिलेलं नव्हतं. मी सासूबाईंकडे बघितलं नाही. धीर झाला नाही. मग पावलं ऐकू आली, आत गेलेली, आणि पुन्हा बाहेर आलेली, आणि कौशीच्या ताटात एक भाकरी पडली, तव्यावरची, फुगलेली, वाफ सोडणारी.

"सावकाश खाय," सासूबाई म्हणाल्या. त्या तिथेच, तिच्या मागे, गुडघ्यावर हात टेकून बसल्या. "मिरची घेतं का आखीन?"

"हाव," कौशी म्हणाली, आणि सगळ्यांसमोर, नाक ओढत, दुसरी भाकरी मोडू लागली.